मेजर एन. क्लार्क स्मिथ : एक थोर बँडमास्तर

पोर ढोल बडवून काय मिळविणार, असें पुष्कळ पालकांना वाटतें. बँड पाहावयास जमलेले लोकही कॉर्नेट वाजविणाऱ्या मुलाचें कौतुक करितात. ढोलवाल्याकडे कोणी पाहत नाहीं. परंतु ढोलाचा एक ठोका चुकला कीं साऱ्या बँडचीं पावलें चुकतात. ही गोष्ट ओळखून ज्यांनीं शेंकडों मुलांचें आयुष्य घडविलें, त्या अमेरिकेंतील मेजर नथानिएल क्लार्क स्मिथ यांचें हें अल्प चरित्र.

त्यांचा जन्म कॅन्सस संस्थानांतील फोर्ट लेव्हनवर्थ या लष्करी ठाण्यांत एका कृष्णवर्णी कुटुंबांत झाला. अमेरिकेंतील गुलामगिरी १८६५ सालीं कायद्यानें संपली होती. तरी कृष्णवर्णी मुलांच्या शाळा बहुधा वेगळ्याच असत आणि पुढील वाटाही बहुतेक बंद असत. १९०७ सालीं स्मिथसाहेब बुकर टी. वॉशिंग्टन यांच्या टस्कगी येथील विद्यालयांत बँडमास्तर झाले. पुढें कॅन्सस सिटीचें लिंकन, शिकागोचें वेंडेल फिलिप्स आणि अखेरीस सेंट लुईचें समनर, या हायस्कुलांत त्यांनीं शिकविलें. त्यांची शिस्त लष्करी होती. आपल्या लोकांचीं भक्तिगीतेंही त्यांनीं वाद्यांसाठीं बसविलीं.

वॉल्टर पेज हा त्यांचा शिष्य प्रथम वस्तीच्या बँडांत मोठा ढोल वाजवीत असे. एकदां डबल बेस हें अजस्र तंतुवाद्य वाजविणारा कोणी नव्हता, म्हणून मेजरसाहेबांनीं पेजलाच तेथें उभें केलें. ढोलावर मुरलेला ताल तंतूंवर उतरला आणि पुढें काउंट बेसी यांच्या नामांकित वाद्यवृंदाचा तो आधारस्तंभ झाला.

शिकागोंत 'डिफेंडर' वर्तमानपत्र विकणाऱ्या मुलांचा बँडही मेजरसाहेबांच्या हाताखालीं होता. त्यांत लायनेल हॅम्प्टन हा मुलगा ड्रम वाजवी. १९३६ सालीं तो बेनी गुडमन या गोऱ्या वादकाच्या चौकडींत सामील झाला. गोरे आणि कृष्णवर्णी वादक लोकांसमोर एकत्र बसणें त्या काळीं फार दुर्मिळ होतें. तें पाहावयास मात्र मेजरसाहेब नव्हते. १९३५ सालींच ते वारले होते.

शरीराचे जे अवयव दुबळे दिसतात तेच अधिक आवश्यक आहेत, असें संत पौल शिकवितो. विद्यार्थीमित्रहो, तुमच्या वांट्याला ढोल आला तर खट्टू होऊं नका. ठोका मात्र चुकूं देऊं नका. तुमच्या मागून चालणारे त्यावरच पाऊल टाकीत असतात.