सहावा मुलगा



स्मरणिकेसाठी लेख द्या असा निरोप आला, तेव्हा आधी सहल आणि स्नेहसंमेलनच आठवले. पण ते बाकीचे लिहितीलच. मी लिहिते आहे विनोबा भाव्यांबद्दल. त्यांची सर्वधर्म प्रार्थना आपण रोज सकाळी मैदानात, एक डोळा किलकिला ठेवून म्हणायचो. इतिहासाच्या पेपरात त्यांच्यावर टीप यायची आणि ‘भूदान’ लिहिले की गुण मिळायचे. त्या शब्दाचा अर्थ मला यंदा कळला. कसा, ते शेवटी सांगते.

विनायक नरहर भावे यांचा जन्म ११ सप्टेंबर १८९५ चा, कोकणातल्या गागोदे गावचा. वडील बडोद्याला नोकरीला, म्हणून शिक्षण तिकडे. गणित त्यांच्या फार आवडीचे. एकदा दारात एक धडधाकट भिकारी आला आणि आई रुक्मिणीबाईंनी त्याला भिक्षा घातली. विनायकाने हिशेब मांडला की अशाने आळस पोसला जातो. आईने समजावले की दारी आलेला देवच. पात्र कोण आणि अपात्र कोण हे ठरवणारे आपण कोण? तिचे हे म्हणणे आपल्याला कधीच खोडता आले नाही, असे विनोबा पुढे सांगत.

१९१६ मध्ये इंटरच्या परीक्षेसाठी मुंबईला निघालेला हा मुलगा सुरतेलाच उतरला आणि काशीला गेला. त्याच वर्षी जूनमध्ये अहमदाबादच्या कोचरब आश्रमात तो गांधीजींना भेटला आणि त्यांचाच झाला. १९२१ पासून वर्धा ही कर्मभूमी. १९३२ मध्ये धुळ्याच्या तुरुंगात त्यांनी गीतेवर प्रवचने दिली, ती साने गुरुजींनी लिहून घेतली. १९४० च्या वैयक्तिक सत्याग्रहात गांधीजींनी पहिला सत्याग्रही म्हणून त्यांनाच निवडले.

पण त्यांच्या विश्वासाची मोठी परीक्षा झाली ती आपल्या हैदराबाद राज्यात. १९५१ साली आपला परभणी जिल्हा आणि तेलंगणातला नळगोंडा जिल्हा एकाच राज्यात होते. १७ सप्टेंबर १९४८ ला निजामाची सत्ता गेली होती, पण जमीन होती त्यांच्याचकडे होती. नळगोंड्यात तर त्यासाठी बंदुका चालल्या होत्या. अशा मुलखात पंचावन्न वर्षांचा, किरकोळ अंगाचा हा माणूस पायी हिंडू लागला.

१८ एप्रिल १९५१ रोजी ते पोचमपल्लीत पोहोचले. तिथल्या चाळीस दलित कुटुंबांनी पोट भरण्यापुरती ऐंशी एकर जमीन मागितली. सरकारकडे अर्ज करू, हे उत्तर सोपे होते. पण सरकारकडून मिळेपर्यंत काय, म्हणून विनोबांनी जमलेल्या गावालाच विचारले की तुमच्यापैकी कोणी काही करू शकेल का. रामचंद्र रेड्डी नावाचे जमीनदार उठले आणि शंभर एकर द्यायला तयार झाले.

त्या रात्री विनोबांना झोप लागली नाही. हा अपवाद म्हणायचा की नियम? त्यांच्यातल्या गणितीने आकडा मांडला: देशातल्या भूमिहीनांसाठी पाच कोटी एकर, म्हणजे लागवडीखालच्या जमिनीचा साधारण सहावा हिस्सा. मग ते गावोगाव सांगू लागले की तुम्हाला पाच मुलगे असतील तर मला सहावा समजा आणि माझा वाटा द्या. तेलंगणातल्या पहिल्या फेरीतच सुमारे बारा हजार एकर मिळाले. पुढे तेरा वर्षांहून जास्त काळ ते देशभर चालत राहिले आणि दानाचा आकडा चाळीस लाख एकरांच्या पुढे गेला.

१९६० च्या मे महिन्यात ते चंबळच्या खोऱ्यात गेले. फाशीची शिक्षा झालेल्या तहसीलदारसिंहाने तुरुंगातून पत्र लिहून त्यांना बोलावले होते. वीस डाकूंनी त्यांच्यापुढे शस्त्रे ठेवली. यामुळे गुन्हेगारांना प्रतिष्ठा मिळते, अशी टीकाही झाली.

भूदानावरची टीका जास्त खरी होती. पाच कोटींचे लक्ष्य फार दूर राहिले. मिळालेल्यातली बरीच जमीन खडकाळ किंवा वादातली निघाली, काहींनी शब्द फिरवला, आणि बरीचशी कधी वाटलीच गेली नाही. १५ नोव्हेंबर १९८२ ला पवनारच्या आश्रमात, अन्न-औषध सोडून, विनोबांनी देह ठेवला. दानपत्रांचे हिशेब मागे राहिले. मला वाटते, देणाऱ्यांच्या चांगुलपणाबद्दल विनोबा चुकले नव्हते. त्या क्षणी देणारा खरेच देत होता. पण दुसऱ्या दिवशी भाऊबंद येतात, तलाठ्याकडे खेटे घालावे लागतात, आणि चांगुलपणा तिथे दमतो.

आता माझी गोष्ट. मी पुण्यात सॉफ्टवेअर लिहिते. आमच्या कामात समोरचा खोटा आहे असे धरूनच सुरुवात करायची असते. पासवर्ड, ओटीपी सगळे त्याचसाठी. वीस वर्षांत ती सवय हाडीमाशी खिळली. गेल्या वर्षी बाबा गेले आणि दुधनाकाठच्या आमच्या शेताची वाटणी झाली. आजोबांनी त्यांच्या सालगड्याला एक एकर तोंडी दिलेला. आम्ही त्यांना मामा म्हणायचो. आज त्यांचा मुलगा तो एकर कसतो, पण सातबारावर नाव आमचेच. त्याने कधी कागद मागितला नाही. भाऊ म्हणाले, कागद करून दिलास तर उद्या तो आणखी मागेल. खरे सांगते, मलाही तसेच वाटले होते.

मग पोचमपल्लीची ती टीप आठवली आणि मी विनोबांबद्दल पुन्हा वाचले. तो एकर माझ्या वाट्यात घेतला आणि मामांच्या मुलाच्या नावे करायचे ठरवले. धाकटा चुलतभाऊ तेव्हापासून बोलत नाही. मी बरोबर आहे की भाबडी, ते दहा वर्षांनी कळेल. आजोबांचा शब्द मात्र नुसता तोंडी राहू द्यायचा नाही, एवढे मी विनोबांच्या यशापेक्षा त्यांच्या अपयशातून शिकले.

मेळाव्यासाठी येईन तेव्हा मोजणीसाठी दोन दिवस जास्त राहणार आहे. आपल्या बॅचमधले कोणी महसूल खात्यात असेल, तर पंगतीत माझ्याशेजारी बसा. बक्षीसपत्र आणि फेरफाराबद्दल बरेच विचारायचे आहे.