बर्फावरचा हंगामी मास्तर : हान्नेस श्नायडर

बर्फाशी माझी ओळख रसवंतीतल्या, गोणपाटाखाली झाकून ठेवलेल्या लादीपुरतीच आहे. डोंगर पांढरे करून टाकणारे हिम मी फक्त चित्रात पाहिले. असे असूनही एका बर्फावरच्या माणसाचे चरित्र सांगण्याचे धाडस मी या लेखात करीत आहे. त्याचे कारण 'हंगाम' हा शब्द.

आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिलाच. दसरा झाला की आईवडील ऊसतोडीला जातात आणि उन्हाळा लागला की परत येतात. हंगाम म्हणजे काय, हे मला पुस्तकातून शिकावे लागले नाही. भूगोलाच्या अभ्यासासाठी आल्प्स पर्वतावरचे एक पुस्तक ग्रंथालयात चाळत असताना बर्फाच्या उतारावरून झेपावणाऱ्या एका माणसाचे छायाचित्र दिसले. खाली लिहिले होते की हा डोंगरातला एक गरीब मुलगा, हिवाळ्यापुरता शिक्षक म्हणून कामाला लागला आणि पुढे साऱ्या जगाचा गुरू झाला. मग मिळेल तिथून त्याच्याविषयी वाचत गेलो.

हान्नेस श्नायडरचा जन्म २४ जून १८९० रोजी ऑस्ट्रियातील आर्लबर्ग खिंडीच्या कुशीतल्या श्टुबेन या चिमुकल्या खेड्यात झाला. गाव समुद्रसपाटीपासून सुमारे १४०० मीटर उंचीवर. पूर्वी खिंड ओलांडणारे प्रवासी आणि मालाच्या गाड्या या गावात थांबत आणि त्यावर गावाचे पोट चाले. १८८४ मध्ये खिंडीच्या पोटातून दहा किलोमीटरहून अधिक लांबीचा रेल्वेचा बोगदा निघाला आणि रस्त्यावरची वर्दळ ओसरली. गाव मागे पडले. हान्नेस जन्मला तो अशा ओसरत्या गावात. गंमत अशी, की ज्या रेल्वेने त्याच्या गावाचा घास काढून घेतला, तिनेच पुढे त्याला शिष्य आणून दिले.

स्की म्हणजे पायांना बांधायच्या, पुढून वर वळलेल्या दोन लांब लाकडी पट्ट्या. या पट्ट्यांवरून घसरत जाण्याची विद्या मूळची नॉर्वेकडची. व्हिक्टर झोम नावाचा एक स्कीपटू श्टुबेनच्या उतारावर आला तेव्हा लहानग्या हान्नेसने त्याला पाहिले आणि त्याला त्या विद्येचे वेड लागले. पुढे झोमनेच त्याला शिकवले. १९०७ साली खिंडीच्या पलीकडच्या सेंट अँटोन गावातील हॉटेल पोस्टचा मालक कार्ल शूलर याने हिवाळी पाहुण्यांना स्की शिकवण्यासाठी त्याला ठेवून घेतले. हान्नेस तेव्हा अवघा सतरा वर्षांचा, म्हणजे माझ्याहून दोन वर्षांनी लहान होता.

हे काम हंगामी होते. हिम पडले की काम, वितळले की काम संपले. डोंगरातली तरुण पोरे उन्हाळ्यात गवत कापीत, गुरे वरच्या कुरणांवर नेत, सुतारकी करीत किंवा गिर्यारोहकांना वाट दाखवीत. हिवाळा येताच तीच पोरे शहरातल्या धनिकांची मास्तर होत. ज्याच्या घरी जेमतेम भाकरी, त्याच्यापुढे बँकवाले आणि सरदार-दरकदार शिष्य म्हणून उभे राहत. उतारावर पैसा चालत नाही, तिथे तोल लागतो.

श्नायडरच्या आधी शिकवणारे नव्हते असे नाही. परंतु नॉर्वेकडची सरळ उभे राहून वळण्याची रीत आल्प्सच्या खड्या उतारावर अपुरी पडे. झ्डार्स्की या ऑस्ट्रियन गुरूची एका काठीची रीत सुरक्षित होती, पण संथ. श्नायडरने गुडघे वाकवून, अंग पुढे झुकवून, दोन काठ्या घेऊन वेगाने वळण्याची रीत घडवली. आधी दोन्ही पट्ट्यांची टोके जवळ आणि टाचा लांब ठेवून नांगरासारखा कोन करायचा. त्याने वेग आवरतो. मग एकच पट्टी बाहेर ढकलून तिच्यावर भार टाकायचा, म्हणजे अंग वळते. शेवटी वळता वळता दुसरी पट्टी तिच्याजवळ आणून दोन्ही समांतर घसरू द्यायच्या. ही 'आर्लबर्ग पद्धत' म्हणून जगभर गाजली.

पहिल्या महायुद्धात ऑस्ट्रियाच्या सैन्यातील डोंगरी तुकड्यांना स्की शिकवण्याचे काम त्याच्याकडे आले. एकेका पाहुण्याला शिकवणे वेगळे आणि शेकडो जवानांना थोड्या दिवसांत तयार करणे वेगळे. त्यातून त्याला शिकवण्याची शिस्त सापडली. युद्धानंतर १९२० च्या दशकाच्या आरंभी सेंट अँटोनला त्याची स्कीशाळा नीट उभी राहिली. नवा विद्यार्थी आला की प्रथम त्याला घसरून दाखवायला लावायचे आणि कुवतीप्रमाणे वर्गात घालायचे. एक पायरी पक्की झाल्याशिवाय वरचा वर्ग नाही. सर्व शिक्षकांनी एकच रीत, एकाच क्रमाने शिकवायची. त्यामुळे आज एका मास्तराकडे शिकलेला उद्या दुसऱ्याकडे गेला तरी अडत नसे.

मला श्नायडरचे खरे मोठेपण इथे वाटते. उत्तम घसरणारे पुष्कळ असतील. पण अंगात मुरलेले कसब सुटे करून, त्याच्या पायऱ्या पाडून, ते दुसऱ्याच्या हाती देणे सर्वांना जमत नाही. माझे वडील ऊस अगदी जमिनीलगत, एका घावात तोडतात. वर धांडा राहिला तर गोड भाग वाया जातो. मी सुटीत कोयता धरला तेव्हा मला ते साधले नाही आणि वडिलांना ते सांगता आले नाही, फक्त करून दाखवता आले. श्नायडरला करून दाखवता येत होते आणि सांगताही येत होते.

कीर्ती वाढत गेली. आर्नोल्ड फांक या दिग्दर्शकाच्या १९२० च्या स्कीवरील चित्रपटात तो चमकला. १९२८ मध्ये इंग्रज स्कीतज्ज्ञ आर्नल्ड लन याच्याबरोबर त्याने आर्लबर्ग-कांडाहार ही शर्यत सुरू केली. १९३० मध्ये तो जपानला शिकवून आला. १९३६ मध्ये अमेरिकेत बोस्टन आणि न्यूयॉर्क येथे छपराखाली कुटलेला बर्फ पसरून त्याने हजारोंसमोर प्रात्यक्षिके केली. त्याचे शिक्षकही देशोदेशी पांगले. काही थेट ऑस्ट्रेलियात गेले. तिथे आपल्या आषाढ-श्रावणात हिम पडते, म्हणजे वर्षात दोन हिवाळे, दोन हंगाम! पोटासाठी आकाशातल्या हिमामागे फिरणारी ही एक नवीच जमात होती.

डिसेंबर १९३७ मध्ये सेंट अँटोनला उंच शिखराकडे नेणारा तारमार्ग सुरू झाला. गाव भरभराटीला आले. आणि तीनच महिन्यांनी, मार्च १९३८ मध्ये, हिटलरच्या फौजा ऑस्ट्रियात शिरल्या. श्नायडरला नाझींचे वावडे होते. त्याच्या मित्रांमध्ये ज्यू होते आणि आपल्या शाळेत नाझी चळवळ त्याने चालू दिली नव्हती. त्याला लगेच अटक होऊन लांडेकच्या तुरुंगात टाकण्यात आले. शाळा हातची गेली. ज्या गावाला त्याने नाव मिळवून दिले, त्याच गावात त्याचे वैरी निघाले. लन याने निषेध म्हणून त्या वर्षीची शर्यत रद्द केली.

तुरुंगातून सुटल्यावर त्याला जर्मनीत गार्मिश-पार्टेनकिर्शेन येथे कार्ल रोझन या वकिलाच्या देखरेखीखाली राहावे लागले. अखेर अमेरिकन बँकर हार्वे गिब्सन याने आपले वजन खर्ची घालून त्याची सुटका करविली. नॉर्थ कॉनवे हे गिब्सनचे जन्मगाव आणि तिथे त्याला स्कीचे केंद्र उभारायचे होते. ११ फेब्रुवारी १९३९ रोजी श्नायडर बायको आणि दोन मुलांसह त्या गावी उतरला. मुलांनी स्कीच्या काठ्यांची कमान धरली होती. तिच्याखालून तो चालत गेला.

सर्वांचे नशीब असे नव्हते. सेंट अँटोनला पर्यटनाचे गाव बनवणारा त्याचा सहकारी रुडॉल्फ गोम्पर्झ ज्यू वंशाचा होता. त्याला १९४२ मध्ये पूर्वेकडे नेऊन ठार मारण्यात आले. हे वाचले त्या संध्याकाळी मला पुढचे पान उलटवेना.

नव्या गावी श्नायडर अठ्ठेचाळीस वर्षांचा होता. मुलूख परका, भाषा परकी. पण गुडघा कसा वाकवावा, भार कुठे टाकावा हे सांगायला फार भाषा लागत नाही. त्याचा एक जुना शिक्षक तिथे आधीच त्याची पद्धत शिकवीत होता. श्नायडरने क्रॅनमोर डोंगराचे उतार साफ करून घेतले आणि पहिल्या धड्यापासून पुन्हा सुरुवात केली. त्याचा मुलगा हर्बर्ट दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेच्या दहाव्या डोंगरी डिव्हिजनमधून इटलीत लढला आणि पुढे त्याने वडिलांचीच शाळा सांभाळली. २६ एप्रिल १९५५ रोजी नॉर्थ कॉनवे येथेच श्नायडरने देह ठेवला.

त्याच्या पद्धतीत नंतर पुष्कळ बदल झाले. त्याचा वाकलेला पवित्रा मागे पडला, समांतर पट्ट्यांची वळणे पुढे आली. तरी नवशिक्याला आधी नांगराचा कोन शिकवायचा, ही त्याच्या शाळेतली वाट अजून मोडलेली नाही. सेंट अँटोनमध्ये आता त्याचा पुतळा आहे.

हंगामी माणसाला लोक अर्धा माणूस समजतात, हे मी लहानपणापासून पाहिले आहे. तो येतो, राबतो, जातो. त्याचे नाव मुकादमाच्या वहीत उचलीच्या आकड्यापुढे तेवढे राहते. श्नायडरही हंगामीच होता. त्याचे गाव, शाळा, घर सारे हिसकावले गेले, पण त्याला येणारी विद्या कोणाला जप्त करता आली नाही. या सुटीत मी वडिलांकडे फडात जाणार आहे. एका घावात ऊस कसा तुटतो, हात कुठे, पाय कुठे, भार कशावर, हे त्यांना विचारून पायरीपायरीने लिहून काढणार आहे. त्याचा उपयोग काय, असे कोणी विचारील. मलाही आज सांगता येणार नाही. पण लिहून ठेवणार आहे एवढे नक्की.

(द्वितीय वर्ष कला)