पाटी न वाचताही शोरूम ओळखू येतं ते का? एका लाल खांबाची आणि रेमंड लोवींची गोष्ट

हायवेवरून जाताना गाडीचं शोरूम लांबूनच ओळखू येतं. पाटी वाचायचीही गरज पडत नाही. दर्शनी भागाचा रंग कोणता, काच किती, लोगो कुठे, हे कंपनीच ठरवून देते. शहर कोणतंही असो, मालक कुणीही असो, बाहेरून शोरूम सारखंच दिसलं पाहिजे.

या पद्धतीचं एक जुनं आणि ठळक उदाहरण रेमंड लोवी यांच्या ऑफिसातून आलं.

लोवींचा जन्म 1893 चा, पॅरिसमधला. पहिल्या महायुद्धात ते फ्रेंच सैन्यात होते. 1919 मध्ये ते न्यूयॉर्कला आले आणि मोठ्या दुकानांच्या शोकेस सजवू लागले, फॅशन मासिकांसाठी चित्रं काढू लागले. 1929 मध्ये त्यांना गेस्टेटनर कंपनीच्या कॉपी काढणाऱ्या मशिनला नवं रूप द्यायचं काम मिळालं आणि गाडी रुळावर आली. पुढे फ्रिज, रेल्वे इंजिन, स्टुडबेकरच्या कार... 1949 मध्ये तर ते थेट 'टाइम'च्या मुखपृष्ठावर झळकले.

याच काळात इंटरनॅशनल हार्वेस्टर ही ट्रक आणि ट्रॅक्टर बनवणारी अमेरिकन कंपनी त्यांच्याकडे आली. (हो, 1963 मध्ये महिंद्रासोबत भारतात ट्रॅक्टर कंपनी काढणारी तीच!) कंपनीला नवा लोगो हवा होता आणि देशभरातल्या डीलरशिपसाठी एकसारखी इमारतही.

लोवींच्या टीमने आराखडा दिला. दारापाशी उंच लाल खांब, त्यावर लोगो. पुढे मोठ्या काचा, म्हणजे आतला ट्रॅक्टर रस्त्यावरूनच दिसणार. मागे स्पेअर पार्ट आणि वर्कशॉप. खांब उंच का? तर वेगात जाणाऱ्या ड्रायव्हरला वळायच्या आत दिसावा म्हणून.

मेख अशी, की डीलर हा स्वतंत्र व्यावसायिक. धंदा त्याचा, इमारतीचा चेहरा मात्र कंपनीचा. ही ओढाताण आजही संपलेली नाही.

लोवींच्या बाबतीतही श्रेयाचा प्रश्न होताच. त्यांच्या फर्ममध्ये इमारतींचं काम विल्यम स्नेथ बघायचे, पण जगाला नाव माहीत होतं ते लोवींचं. 1947 च्या स्टुडबेकर कारचं श्रेय लोवींचं किती आणि त्यांच्या टीममधल्या व्हर्जिल एक्सनर यांचं किती, हा वाद तर अजून मिटलेला नाही.

1986 मध्ये मोनॅकोत लोवींचं निधन झालं. त्याच वर्षी इंटरनॅशनल हार्वेस्टरनेही नाव बदलून 'नेव्हिस्टार' केलं. अमेरिकेतल्या छोट्या गावांत त्या इमारती मात्र अजून दिसतात. आत आता दुसरंच दुकान असतं, लोगोही गेलेला असतो. पण तो उंच खांब बघून जाणकार लगेच ओळखतात, इथे कधीकाळी ट्रॅक्टर विकले जायचे.