कै. डॉक्टर आनंदीबाई जोशी

मनुष्याची योग्यता त्याच्या आयुष्याच्या लांबीवरून ठरवावयाची असती, तर ज्या स्त्रीचें चरित्र आज आम्ही वाचकांपुढें ठेवीत आहोंत तिचें नांव केव्हांच विस्मृतींत गेलें असतें. ती पुरतीं बावीस वर्षेंहि जगली नाहीं. डॉक्टर होण्यासाठीं ती समुद्रापलीकडे गेली, डॉक्टर होऊन परत आली, आणि हातीं आलेलें काम सुरू होण्यापूर्वींच निवर्तली. असें असूनहि आपल्या शाळेंतील एखादी मुलगी आज आपण पुढें डॉक्टर होणार असें सहज बोलून जाते, त्या सहजपणाच्या मुळाशीं या स्त्रीचे कष्ट आहेत.

आनंदीबाईंचा जन्म ता. ३१ मार्च १८६५ रोजीं झाला. त्यांचें माहेरचें नांव यमुना. वडील गणपतराव जोशी हे कल्याणचे. घराणें जुन्या वळणाचें व एके काळीं सुखवस्तु असलेलें; परंतु पुढें त्यास उतरती कळा लागली होती. त्या काळच्या रूढीप्रमाणें यमुनेचा विवाह ती अवघी नऊ वर्षांची असतांना झाला. पति गोपाळराव जोशी हे टपालखात्यांत कारकून होते. त्यांची पहिली पत्नी वारली होती व ते यमुनेहून सुमारें वीस वर्षांनीं मोठे होते. विवाहानंतर यमुनेची आनंदीबाई झाली.

गोपाळराव हे मोठे विलक्षण गृहस्थ होते. पत्नीला शिकवावयाचें, या एका गोष्टीचा त्यांस ध्यास होता. ज्या काळीं मुलीच्या हातीं पाटी दिसली तर घरांतील वडील माणसें नाकें मुरडीत, त्या काळीं त्यांनीं तिला स्वतः अक्षरें शिकविलीं. परंतु त्यांचा ध्यास जितका प्रखर, तितकाच स्वभाव तापट. अभ्यासांत हयगय दिसली कीं ते त्या लहान मुलीवर हात उगारण्यासहि मागेंपुढें पाहत नसत, असें चरित्रकारांनीं नमूद केलें आहे. थोर कार्याच्या मागें असलेली ही उणी बाजू झांकून ठेवणें आम्हांस प्रशस्त वाटत नाहीं. धाकानें आरंभ झालेल्या विद्येची गोडी त्या मुलीच्या मनांत पुढें आपोआप उपजली, यांत तिच्या शिक्षकापेक्षां तिच्याच बुद्धीचें मोठेपण अधिक आहे.

आनंदीबाईंच्या आयुष्यास वळण लावणारी घटना त्यांच्या चौदाव्या वर्षीं घडली. त्यांस पुत्र झाला, आणि योग्य वैद्यकीय मदत न मिळाल्यामुळें तो दहाच दिवसांत दगावला. त्या काळीं अशा घटना घरोघरीं घडत. बाळंतपणाच्या वेळीं परपुरुषाकडून तपासून घेण्यापेक्षां मरण पतकरलें, अशी स्त्रियांची समजूत होती. आणि स्त्री डॉक्टर म्हणावी तर ती आपल्या समाजांत जवळजवळ नव्हतीच. घरांतल्या बायाबापड्या दैवाला दोष देत व रडून मोकळ्या होत. आनंदीबाईंनींहि अश्रु ढाळले असतील. परंतु अश्रु पुसल्यावर त्यांच्या मनांत विचार आला तो असा, कीं हें दैव नसून ही एक उणीव आहे, आणि उणीव ही भरून काढतां येते. वैद्यक शिकण्याचा त्यांचा निश्चय या विचारांतून झाला.

गोपाळरावांच्या बदल्यांबरोबर त्यांचें शिक्षण अलिबाग, कोल्हापूर, मुंबई, भूज व पुढें बंगाल असें फिरत राहिलें. मुंबईस त्या मिशनच्या शाळेंत जात. पुस्तकें घेऊन रस्त्यानें जाणारी ब्राह्मणाची सून पाहून लोक थांबत, हसत, टाकून बोलत. तशा स्थितींतहि त्यांनीं मराठी, संस्कृत व इंग्रजी यांचा व्यासंग सोडला नाहीं.

कोल्हापुरास असतांना गोपाळरावांचा अमेरिकन मिशनरींशीं परिचय झाला होता. पत्नीस अमेरिकेंत शिक्षण मिळावें म्हणून त्यांनीं रेव्हरंड वाइल्डर यांस पत्र लिहिलें. वाइल्डर यांनीं ख्रिस्ती धर्म स्वीकारण्याची गोष्ट पुढें केली व हा पत्रव्यवहार आपल्या मासिकांत प्रसिद्ध केला. धर्मांतराची अट उभयतांस मान्य नव्हती; तेव्हां तो प्रयत्न तेथेंच थांबला. परंतु ईश्वरी योजना निराळी होती. १८८० सालीं न्यू जर्सी प्रांतांतील रोझेल गांवच्या श्रीमती कारपेंटर या दंतवैद्याकडे आपली पाळी येण्याची वाट पाहत बसल्या असतां तें मासिक त्यांच्या हातीं पडलें. दूर देशांतील एका मुलीची ज्ञानाची तहान पाहून त्यांचें अंतःकरण द्रवलें आणि त्यांनीं आपण होऊन पत्र लिहिलें. त्यांनीं कोणतीहि अट घातली नाहीं. पुढें आनंदीबाई त्यांस मावशी म्हणूं लागल्या, आणि त्या बाईंनीं तें नातें शेवटपर्यंत पाळलें. आमच्यासारख्या मिशनच्या शाळेंत शिकणाऱ्या मुलांनीं या दोन पत्रांचा विचार अवश्य करावा. पहिल्यांत मदतीचा मोबदला मागितला होता. दुसऱ्यांत शेजाऱ्यावर प्रीति करण्याची जी आज्ञा आपण रोज ऐकतों ती आचरणांत उतरली होती.

अमेरिकेस जाण्याचें ठरतांच चोहोंकडून विरोध उठला. त्या वेळीं जोशी दांपत्य कलकत्त्याजवळ श्रीरामपूर येथें राहत होतें. तेथील कॉलेजच्या दिवाणखान्यांत ता. २४ फेब्रुवारी १८८३ रोजीं अठरा वर्षेंहि पुरीं न झालेल्या आनंदीबाईंनीं इंग्रजींत जाहीर व्याख्यान दिलें. अमेरिकेस कां जावयाचें, येथें शिक्षणाची सोय नाहीं काय, एकटीनें कां जावयाचें, जातींतून वाळींत पडल्यास काय, संकट आल्यास काय, आणि कोणत्याहि स्त्रीनें न केलेली गोष्ट आपणच कां करावी, असे लोकांचे प्रश्न त्यांनीं स्वतःच एकामागून एक मांडले व शांतपणें त्यांचीं उत्तरें दिलीं. हिंदुस्थानांतील स्त्रियांस स्त्री डॉक्टरांची निकड आहे, आणि आपण हिंदु म्हणून जाऊं व हिंदु म्हणूनच परत येऊं, असें त्यांनीं निक्षून सांगितलें.

प्रवासखर्चासाठीं अंगावरचे दागिने विकावे लागले. ता. ७ एप्रिल १८८३ रोजीं त्या कलकत्त्याहून बोटींत बसल्या. बरोबर ओळखीच्या मिशनरी स्त्रिया होत्या. पति मागें राहिले होते. सुमारें दोन महिन्यांनीं, ४ जून रोजीं, त्या न्यूयॉर्कच्या बंदरांत उतरल्या, तेव्हां कारपेंटरबाई त्यांस घेण्यास आल्या होत्या.

फिलाडेल्फिया येथें १८५० सालीं स्थापन झालेलें स्त्रियांचें मेडिकल कॉलेज होतें. प्रवेशाच्या अर्जांत आनंदीबाईंनीं आपली तयारी सर्वच बाबतींत नियमाइतकी नसेल हें मोकळेपणानें कळविलें, व आपल्या देशांतील स्त्रियांची दुःखें सांगून विशेष बाब म्हणून विचार व्हावा अशी विनंति केली. मुख्याध्यापिका राचेल बॉडली यांनीं त्यांस प्रवेश देऊन शिष्यवृत्तीचीहि सोय केली. अभ्यासक्रम तीन वर्षांचा होता. शरीररचना, इंद्रियविज्ञान, रसायन, औषधिज्ञान, शस्त्रक्रिया, प्रसूतिशास्त्र हे विषय; व्याख्यानें ऐकावयाचीं, प्रेताचें विच्छेदन स्वतःच्या हातांनीं करावयाचें, रुग्णालयांत रोगी पाहावयाचे. सोंवळ्याओंवळ्यांत वाढलेल्या मुलीस पहिल्या दिवशीं विच्छेदनाच्या खोलींत पाऊल टाकतांना काय वाटलें असेल, याची कल्पना वाचकांनींच करावी. वैद्यकाचें शिक्षण डोळ्यांइतकेंच हातांस व हातांइतकेंच मनास द्यावें लागतें, हें तेथें त्या शिकल्या.

अभ्यासापेक्षां कठीण होतें तें तेथील जीवन. शाकाहार, लुगडें-चोळी आणि आपले आचार त्यांनीं सोडले नाहींत. फिलाडेल्फियाचा हिंवाळा बर्फाचा. राहण्याची खोली नीट ऊबदार राहत नसे. मानवेल असें अन्न मिळणें कठीण. ताप, डोकेदुखी व खोकला यांनीं त्यांस वारंवार गांठलें. तरी अभ्यासांत खंड पडूं दिला नाहीं. ता. ११ मार्च १८८६ रोजीं त्यांस एम. डी. ही पदवी मिळाली. आर्य हिंदूंमधील प्रसूतिशास्त्र हा त्यांच्या प्रबंधाचा विषय होता. त्या समारंभास पंडिता रमाबाई मुद्दाम उपस्थित राहिल्या होत्या. पाश्चात्त्य वैद्यकाची पदवी घेणाऱ्या भारतीय स्त्रियांत आनंदीबाईंचें नांव पहिलें घेतलें जातें. त्याच १८८६ सालीं कलकत्त्यास कादंबिनी गांगुली याहि डॉक्टर झाल्या.

लवकरच कोल्हापूर दरबारानें त्यांची आल्बर्ट एडवर्ड रुग्णालयाच्या स्त्री-विभागावर नेमणूक केली. परंतु क्षयानें शरीर पोखरलें होतें. गोपाळराव अमेरिकेस येऊन पोहोंचले होते. दोघें १८८६ च्या नोव्हेंबरांत मुंबईस परतलीं. ज्या समाजानें जातांना दूषणें दिलीं, त्यानेंच येतांना कौतुक केलें. पण कौतुक हें औषध नव्हे. ता. २६ फेब्रुवारी १८८७ रोजीं पुण्यास त्यांचें देहावसान झालें. बावीस वर्षें पुरीं होण्यास एक महिना उरला होता. त्यांची रक्षा कारपेंटर मावशींकडे पाठविण्यांत आली व न्यूयॉर्क प्रांतांतील पोकिप्सी येथें त्या कुटुंबाच्या स्मशानभूमींत ती ठेवलेली आहे.

मग हें सर्व व्यर्थ गेलें काय? तसें मुळींच नाहीं. वाट पहिल्यानें तुडविणाराच्या पायांस कांटे लागतात. मागून येणारांस पाऊलवाट मिळते. मुंबईच्या ग्रँट मेडिकल कॉलेजचें दार १८८३ सालींच स्त्रियांस उघडलें होतें. रखमाबाई लंडनमध्यें वैद्यक शिकून १८९४ सालीं डॉक्टर झाल्या व त्यांनीं सुरत आणि राजकोट येथें कित्येक वर्षें स्त्रियांची सेवा केली. आज तर आपल्या महाराष्ट्रांतील आरोग्यशिक्षणाचें मुख्य पीठ आपल्या नाशकांतच आहे. १८९४ नंतर शंभरांहून अधिक वर्षांनीं, १९९८ सालीं, महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ येथें स्थापन झालें; वैद्यक, दंतवैद्यक, आयुर्वेद, युनानी, होमिओपॅथी, परिचर्या इत्यादि शाखांचीं राज्यभरांतील महाविद्यालयें त्यास जोडलेलीं आहेत.

आमच्या विद्यार्थ्यांस म्हणून थोडी व्यवहाराची गोष्ट सांगतों. एम. बी. बी. एस. होण्यास बारावीस भौतिक, रसायन व जीवशास्त्र हे विषय घ्यावे लागतात. नीट ही प्रवेशपरीक्षा द्यावी लागते. नंतर साडेचार वर्षांचा अभ्यास व एक वर्ष रुग्णालयांतील उमेदवारी. परंतु डॉक्टर होणें म्हणजेच आरोग्यसेवा, असें मात्र कोणीं समजूं नये. परिचारिकेची बी. एस्सी. पदवी चार वर्षांची आहे. औषधनिर्माणाची पदविका दोन व पदवी चार वर्षांची आहे. रक्त-लघवी तपासणारे तंत्रज्ञ, क्ष-किरणाचे तंत्रज्ञ, व्यायामोपचार करणारे, या सर्वांचें शिक्षण निराळें आहे. रात्रीं दोन वाजतां रोग्याच्या उशाशीं जागी असते ती बहुधा परिचारिकाच. आनंदीबाईंच्या बाळाच्या उशाशीं अशी एखादी शिकलेली सुईण असती, तर कदाचित् तें मूल वांचलें असतें. म्हणून नीटमध्यें गुण कमी पडले तर सेवेचा मार्ग खुंटला असें मानूं नये. आपल्या वृत्तीस कोणतें काम साजेल हें पाहावें.

पालकांस एक विनंति आहे. मुलाच्या विद्येचा ध्यास अवश्य धरावा. परंतु गोपाळरावांचा ध्यास घ्यावा, संताप घेऊं नये. अभ्यास करणाऱ्या मुलाचें जेवण, झोंप व प्रकृति यांकडे परीक्षेइतकेंच लक्ष द्यावें. परक्या थंड गांवीं एकट्या शिकणाऱ्या आनंदीबाईंस विद्या मिळाली, पण देह टिकला नाहीं, हा धडा विसरण्यासारखा नाहीं.

आणि विद्यार्थ्यांनो, तुमच्यापैकीं कोणी पुढें पांढरा डगला घालून रोग्यापुढें उभा राहील, तेव्हां इतकें स्मरावें कीं हा डगला अंगावर चढविण्याची संधि मिळावी म्हणून एका मुलीनें आपलें सर्वस्व वेंचलें, आणि तिला स्वतःला कोल्हापूरच्या त्या रुग्णालयाची पायरी चढावयास मिळाली नाहीं. तिचें राहिलेलें काम करणें तुमच्या हातीं आहे. परमेश्वर तुम्हांस तें करण्याची बुद्धि व बळ देवो.