मार्गारेट बर्क-व्हाइट : मंदीच्या काळातील छायाचित्रकार

चरख्यामागे बसून वाचीत असलेल्या गांधीजींचे छायाचित्र आपल्यापैकी बहुतेकांनी पाहिले असेल. ते १९४६ साली पुण्यात मार्गारेट बर्क-व्हाइट यांनी घेतले. पण या बाईंनी गरिबांचे फोटो घेण्यास सुरुवात केली ती अमेरिकेत, मंदीच्या वर्षांत. त्या कामाचा परिचय आम्ही येथे करून देत आहोत.

बाईंचा जन्म १४ जून १९०४ रोजी न्यूयॉर्क येथे झाला. वडील जोसेफ व्हाइट हे छपाई यंत्रांचे इंजिनिअर. ते पोलंडकडून आलेल्या ज्यू घराण्यातील होते. आई मिनी बर्क ज्यू नव्हती. वडिलांचे कूळ मुलांना सांगितलेले नव्हते. १९२२ साली ते वारल्यावर आईने ती गोष्ट मुलीच्या कानावर घातली. पुढे मुलीनेही ती क्वचितच कोणाला सांगितली.

१९२७ साली पदवी घेतल्यावर बाईंनी पोलादाच्या कारखान्यांचे फोटो काढून नाव मिळविले. १९२९ मध्ये ‘फॉर्च्यून’ मासिकाने त्यांना बोलावून घेतले, आणि त्याच वर्षी मंदी आली. १९३४ साली मोठा दुष्काळ पडला. लहान विमानातून हिंडून त्यांनी धुळीने गाडलेली शेते आणि देशोधडीला लागलेले शेतकरी पाहिले. तेव्हापासून त्यांचे लक्ष यंत्रांवरून माणसांकडे वळले.

१९३६ साली लेखक अर्स्किन कॉल्डवेल यांच्याबरोबर त्या दक्षिणेतील कापसाच्या मुलखात गेल्या. तेथील कुळे अर्धेलीने जमीन कसत. बी-बियाणे व किराणा मालकाकडूनच उधार घ्यायचा, आणि हंगाम संपला की हिशेबात कर्जच शिल्लक राहायचे. कोकणातील खोतीच्या हकिकती ज्यांनी आजोबांकडून ऐकल्या आहेत, त्यांना हे नवीन वाटणार नाही. कॉल्डवेल कुळांशी बोलत बसत, आणि बाई बाजूला थांबून चेहऱ्यावर हवा तो भाव उमटताच फोटो घेत.

१९३७ साली या दोघांचे पुस्तक निघाले व खूप गाजले. त्यात प्रत्येक चित्राखाली त्या माणसाचे बोल छापल्यासारखे दिसतात. प्रत्यक्षात ते बोल लेखकांनीच रचले होते. तसे पुस्तकाच्या आरंभी नमूदही केले होते. हे अनेकांना खटकले. १९३९ साली डोरोथिया लँग आणि पॉल टेलर यांनी आपले पुस्तक काढले, तेव्हा लोकांच्या तोंडचे शब्दच दिल्याचे त्यांनी मुद्दाम सांगितले. बाईंची चित्रे खोटी नव्हती. पण गरिबाची व्यथा त्याच्याऐवजी आपण बोलावी काय, हा प्रश्न त्यांच्या पुस्तकाने उभा केला.

१९४५ साली बुखेनवाल्डच्या छळछावणीत शिरून त्यांनी आपल्या बांधवांचे हाल जगापुढे मांडले. पुढल्या वर्षी पुण्यात डॉ. दिनशा मेहता यांच्या निसर्गोपचार केंद्रात त्या गांधीजींना भेटण्यास गेल्या. फोटोपूर्वी सूत कातायला शिका, अशी अट तेथे त्यांना घालण्यात आली, आणि ती त्यांनी पाळली. कापसाच्या शेतातील कुळांना अशी अट घालता आली नव्हती. १९४७ च्या फाळणीतील निर्वासितांचे तांडेही त्यांनी टिपले. ३० जानेवारी १९४८ रोजी, गांधीजींच्या हत्येपूर्वी काही तास, त्यांची अखेरची भेट झाली. नंतर कंपवाताने हात थकले. २७ ऑगस्ट १९७१ रोजी बाई निवर्तल्या.

वाचकहो, दुसऱ्याने दिलेले नाव म्हणजे काय, हे आपण जाणतो. आपले पूर्वज शनिवारी घाणा बंद ठेवीत, म्हणून शेजाऱ्यांनी त्यांना शनिवार तेली म्हटले. ते नाव खोटे नव्हते, पण अपुरे होते. आज येथे करामात प्रत्येकाच्या हातात फोन आहे. उन्हात राबणाऱ्या मजुराचा फोटो घेऊन खाली दोन ओळी लिहिणे क्षणाचे काम. तसे करण्याआधी त्याची परवानगी घ्यावी, त्याचे नाव विचारावे आणि लिहायचे झाल्यास तो बोलेल तेच लिहावे, असे आम्हांस वाटते.