उपस्थायक आनंद : प्रवाहापासून पैलतीरापर्यंत

वैशाख शुद्ध पौर्णिमा ही भगवान बुद्धांच्या जन्माची, संबोधीची आणि महापरिनिर्वाणाची पुण्यतिथी म्हणून भारतात आणि भारताबाहेरील अनेक देशांत श्रद्धेने पाळली जाते. दशावतारांच्या मालिकेत आपल्या परंपरेने ज्यांना स्थान दिले, त्या महापुरुषाचे चरित्र बहुतेकांना ठाऊक असते. परंतु त्यांच्याबरोबर २५ वर्षे सावलीप्रमाणे वावरलेल्या, त्यांचा शब्दन् शब्द हृदयात साठविणाऱ्या आणि तरीही त्यांच्या हयातीत अंतिम पदाला न पोहोचलेल्या शिष्याचे चरित्र आपल्या घरांतून फारसे सांगितले जात नाही. तो शिष्य म्हणजे आनंद. इतके श्रवण झाले, मग साक्षात्कार का होत नाही, असा प्रश्न ज्या साधकाच्या मनात कधी उमटला असेल, त्याने हे चरित्र अवश्य चिंतनात घ्यावे.

शाक्यकुलातील राजपुत्र

आनंदांचा जन्म शाक्यकुलातला. पाली परंपरेप्रमाणे ते शुद्धोदनाचे बंधू अमितोदन यांचे पुत्र, म्हणजे सिद्धार्थ गौतमांचे चुलतबंधू. संबोधीनंतर भगवान मल्लांच्या देशात अनुप्रिय नावाच्या गावी मुक्कामास असता, भद्दिय, अनुरुद्ध, देवदत्त आदी शाक्य तरुणांबरोबर आनंदही घर सोडून निघाले. उपाली नावाचा त्यांचा नापितही त्यांच्यासमवेत होता. सीमेवर पोहोचताच राजपुत्रांनी आपले अलंकार उतरवून त्याच्या हवाली केले आणि त्यास परत जाण्यास सांगितले. उपालीने ते गाठोडे वृक्षाच्या फांदीला टांगले आणि तोही मागोमाग चालता झाला. तेव्हा राजपुत्रांनीच भगवंतांना विनंती केली, की आमच्या आधी या उपालीला दीक्षा द्यावी. म्हणजे ज्येष्ठ म्हणून त्याला वंदन करताना आमचा कुलाभिमान गळून पडेल. आनंदांच्या साधकजीवनाचा आरंभ असा झाला. ज्या नापिताला त्यांनी प्रथम नमस्कार केला, तोच पुढे विनयाचा सर्वश्रेष्ठ जाणकार ठरला.

आरसा आणि पहिली पायरी

दीक्षेनंतर अल्पकाळातच पूर्ण मैत्रायणीपुत्र या स्थविरांचा उपदेश आनंदांच्या कानी पडला. पूर्णांनी दृष्टांत दिला तो आरशाचा. नटण्याची हौस असलेली व्यक्ती आरशात किंवा स्वच्छ पाण्याच्या पात्रात आपले मुख न्याहाळते. ते प्रतिबिंब आरशाच्या आधारानेच दिसते. आधार नसेल तर प्रतिबिंब नाही. त्याचप्रमाणे मी आहे ही जाणीव रूप, वेदना, संज्ञा, संस्कार आणि विज्ञान या पाच स्कंधांच्या आधाराने उठते. त्यांच्यावाचून तिला स्वतंत्र अस्तित्व नाही. हा उपदेश ऐकता ऐकता आनंदांची दृष्टी पालटली आणि ते स्रोतापन्न झाले.

हा शब्द थोडा उलगडून पाहिला पाहिजे. बौद्ध साधनामार्गात जागृतीच्या चार पायऱ्या मानल्या आहेत. स्रोत म्हणजे प्रवाह. निर्वाणाकडे वाहणाऱ्या प्रवाहात ज्याने पाऊल टाकले तो स्रोतापन्न. दुसरा सकृदागामी, जो या लोकी आणखी एकदाच येतो. तिसरा अनागामी, जो येथे पुन्हा येत नाही. चौथा अर्हत्, ज्याचे करणे संपले. या पायऱ्यांची ओळख कोणत्या दिव्य दर्शनाने वा सिद्धीने होत नाही. मनाला जखडणारी दहा बंधने, म्हणजे संयोजने, सांगितली आहेत. त्यांपैकी कोणती तुटली, यावरूनच साधक कोठे उभा आहे हे ठरते.

पहिल्या पायरीवर तीन बंधने तुटतात : शरीर-मनाच्या या समुच्चयालाच मी मानणारी सत्कायदृष्टी, मार्गाविषयीचा संशय म्हणजे विचिकित्सा, आणि केवळ बाह्य व्रतनियमांनीच मुक्ती मिळेल असे धरून बसणारा शीलव्रतपरामर्श. अशा साधकाला अधोगती नाही आणि सातांहून अधिक जन्म नाहीत. दुसऱ्या पायरीवर कामराग आणि द्वेष विरळ होतात. तिसऱ्या पायरीवर ते समूळ जातात. उरतात ती सूक्ष्म बंधने : रूपलोकाची आसक्ती, अरूपलोकाची आसक्ती, मान, चित्ताची अस्थिरता आणि अविद्या. ही पाचही तुटली की अर्हत्पद. सत्कायदृष्टी पहिल्याच पायरीवर जाते आणि मान मात्र शेवटपर्यंत टिकतो, ही गोष्ट लक्षात घेण्याजोगी आहे. मी नावाची वस्तू नाही हे पटते. तरी मीपणाचा दरवळ, फुले काढून घेतलेल्या परडीसारखा, मागे राहतो.

सेवेच्या अटी

भगवंतांच्या वयाच्या ५५ व्या वर्षी त्यांना कायमचा उपस्थायक हवा झाला. अनेक थोर शिष्य पुढे आले; आनंद मात्र मौन राहिले. त्यांना विचारणा झाली तेव्हा त्यांनी आठ अटी घातल्या. भगवंतांना मिळालेले चीवर मला देऊ नये, त्यांची भिक्षा मला देऊ नये, त्यांच्या गंधकुटीत मला निवास नसावा, त्यांच्या निमंत्रणाला मला नेऊ नये, या चार नकाराच्या. मी स्वीकारलेल्या निमंत्रणाला त्यांनी यावे, दूरदेशाहून आलेल्यास मी तत्काळ त्यांच्यापाशी न्यावे, शंका येताच मला विचारता यावी, आणि माझ्या अनुपस्थितीत झालेला उपदेश त्यांनी मला पुन्हा सांगावा, या चार मागण्यांच्या. आठांपैकी एकही अट स्वतःच्या लाभाची नव्हती. शेवटच्या अटीने तर पुढील सर्व पिढ्यांवर उपकार केले. कारण त्या अटीमुळेच एकही उपदेश आनंदांच्या स्मृतीतून निसटला नाही. परंपरा त्यांच्या मुखी ८४,००० धर्मस्कंध असल्याचे सांगते. त्यांपैकी ८२,००० भगवंतांकडून आणि २,००० इतर भिक्षूंकडून ग्रहण केलेले.

आनंदांच्या करुणेचा एक प्रसंग सर्व स्त्रीवर्गाने स्मरावा असा आहे. भगवंतांचे संगोपन करणाऱ्या महाप्रजापती गौतमी केशवपन करून, शाक्य स्त्रियांसह पायी चालत वैशालीस आल्या आणि सुजलेल्या पायांनी, धुळीने माखलेल्या अंगाने दाराबाहेर अश्रू ढाळीत उभ्या राहिल्या. संघात प्रवेशाची त्यांची विनंती यापूर्वी नाकारली गेली होती. आनंदांनी मध्यस्थी केली. त्यांनाही तीनदा नकार मिळाला. तेव्हा त्यांनी युक्तिवाद बदलला. घर सोडून या मार्गाने चालणारी स्त्री स्रोतापन्न, सकृदागामी, अनागामी आणि अर्हत् होण्यास समर्थ आहे किंवा नाही, एवढेच त्यांनी विचारले. समर्थ आहे, असा भगवंतांचा निर्वाळा मिळाला, आणि अखेर भिक्षुणीसंघाची अनुज्ञा झाली. जागृतीच्या चार पायऱ्यांना स्त्री-पुरुष भेद नाही, हे आनंदांच्या प्रश्नामुळे जगासमोर स्पष्ट झाले.

भगवंतांच्या अंतिम यात्रेत नादिका गावीही असाच प्रश्न निघाला. तेथील दिवंगत उपासकांची गती काय झाली, असे आनंद एकेकाचे नाव घेऊन विचारू लागले. भगवंतांनी सांगितले, की तेथील पन्नासांहून अधिक उपासक अनागामी, नव्वदांहून अधिक सकृदागामी आणि पाचशेंहून अधिक स्रोतापन्न झाले. हे सर्व प्रपंचात राहून गेलेले गृहस्थ होते. मात्र प्रत्येक मृताविषयी असे विचारीत बसण्याऐवजी साधकाने स्वतःला पारखावे, म्हणून त्यांनी धर्मदर्पण दिला : बुद्ध, धर्म आणि संघ यांवरील अविचल श्रद्धा व अखंड शील ज्याच्या ठायी आहे, त्याने आपली पायरी आपणच ओळखावी. आनंदांच्या जीवनात आरसा असा दुसऱ्यांदा आला.

कुशीनगरातील अश्रू

कुशीनगरात दोन शालवृक्षांमध्ये भगवान अंतिम शय्येवर पहुडले, तेव्हा आनंद विहारात गेले आणि दाराच्या चौकटीला धरून रडू लागले. आपण अद्याप शैक्ष आहोत, शिकणारेच आहोत, आणि आपल्यावर दया करणारे गुरू निघाले, हे त्यांचे दुःख होते. भगवंतांनी त्यांना जवळ बोलाविले. प्रिय असलेल्या सर्वांपासून वियोग अटळ आहे, हे समजाविले. त्यांच्या दीर्घ, निष्कपट सेवेचा गौरव केला, आणि प्रयत्नास लागल्यास तेही लवकरच मुक्त होतील असे आश्वासन दिले.

येथे क्षणभर थांबावे. ज्याला सर्व पाठ आहे, जो इतरांना समजावून सांगतो, ज्याची पहिली पायरी पक्की आहे, तोही रडला. यावरून पहिली पायरी खोटी ठरत नाही. प्रवाहात उतरलेला मागे फिरत नाही. परंतु तीर अजून यायचा असतो. जागृती झाली की भावना आटून जातात, असा जो समज आहे, त्याला आनंदांचे अश्रू हेच उत्तर आहे.

पुढे आनंद श्रावस्तीस गेले. तेथे जेतवनातील गंधकुटी त्यांनी उघडली, सुकलेल्या माळा काढल्या, झाडलोट केली आणि भगवान असताना जे नित्यकर्म करीत तेच करीत राहिले. कोसल देशातील वनात गृहस्थांची रीघ त्यांच्याभोवती लागे आणि त्यांच्या सांत्वनात आनंदांचा वेळ जाई. तेव्हा एका वनदेवतेने त्यांना सावध केले, की ही बोलण्यातली दगदग पुरे. आता वृक्षातळी बसून ध्यान करावे. आम्हा कथा-कीर्तन करणाऱ्यांनी ही कथा विशेष जपावी. श्रोत्यांच्या डोळ्यांतील पाणी हे वक्त्याच्या साधनेचे प्रमाणपत्र नव्हे.

उशीला डोके टेकण्यापूर्वी

महापरिनिर्वाणानंतरच्या वर्षाकाळात राजगृही धर्मसंगीती भरविण्याचे महाकाश्यप स्थविरांनी ठरविले. त्यांनी ४९९ अर्हत् निवडले आणि एक जागा रिकामी ठेवली. ती जागा आनंदांची होती; कारण त्यांच्यावाचून धर्माचे संकलन अशक्य, आणि ते अर्हत् नसल्याने त्यांचा प्रवेश अवघड. इतर भिक्षूंनी त्यांच्या बाजूने शब्द टाकला आणि त्यांची निवड झाली. तरी शैक्ष म्हणून त्या सभेत बसणे आनंदांना उचित वाटेना.

सभेच्या आदल्या रात्री ते देहविषयक स्मृतीची साधना करीत राहिले. बहुतेक रात्र सरली. फळ मिळाले नाही. अर्थकथाकार सांगतात, की आपला प्रयत्न अतिरेकी होत असून त्यामुळेच चित्त अस्थिर झाले आहे, हे त्यांच्या ध्यानी आले. भगवंतांनी सोण नावाच्या भिक्षूला वीणेचा दृष्टांत दिला होता : तार फार ताणली तरी सूर लागत नाही, सैल सोडली तरी लागत नाही. पहाटेच्या सुमारास आनंद विश्रांतीसाठी शय्येकडे वळले. पाय भूमीवरून उचलले गेले होते, डोके उशीला टेकले नव्हते. त्या मधल्या क्षणी त्यांचे चित्त मुक्त झाले. चालणे, उभे राहणे, बसणे, निजणे या चारही स्थितींच्या बाहेर मिळालेले अर्हत्पद म्हणून परंपरा त्याचा उल्लेख करते.

हे आळसाचे फळ नव्हे. तार आधी रात्रभर ताणली गेली होती. केवळ अखेरचा अतिरिक्त ताण उतरायचा होता. कौशांबीच्या घोषितारामात आनंदांनी स्वतः अर्हत्पदाचे चार मार्ग सांगितले आहेत : कोणी आधी शमथ म्हणजे चित्ताची शांती साधून मग विपश्यनेकडे वळतो, कोणी विपश्यनेपासून आरंभ करून शमथाकडे येतो, कोणी दोन्ही जोडीने चालवितो, आणि कोणाचे चित्त धर्माच्याच औत्सुक्याने प्रथम अस्वस्थ होऊन मग अंतरी स्थिरावते. त्यांची स्वतःची ती रात्र या चौथ्या मार्गाशी किती मिळतीजुळती आहे!

पुढे इ. स. पाचव्या शतकात सिंहलद्वीपी बुद्धघोषाचार्यांनी ‘विशुद्धिमार्ग’ या ग्रंथात विपश्यनेतील अवस्था क्रमवार मांडल्या. त्यासाठी त्यांनी ज्या सात विशुद्धींचा आधार घेतला, त्यांचे विवरण मूळचे आनंदांना आरसा दाखविणाऱ्या पूर्ण मैत्रायणीपुत्रांचेच. प्रसेनजित राजा श्रावस्तीहून साकेतास सात रथ बदलीत जातो, तशी एकेक विशुद्धी पुढच्या विशुद्धीपर्यंतच नेते. कोणत्याही रथाला मुक्काम समजू नये. बुद्धघोष बजावतात, की वाटेत प्रकाश दिसतो, प्रीती उसळते, ज्ञान तीक्ष्ण होते, आणि साधकाला आपण पोहोचलो असे वाटते. ती विपश्यनेतील उपक्लेशांची जागा आहे. त्यानंतरच सर्व संस्कारांचा भंग, भय, निर्वेद यांतून जाऊन चित्त समतेला येते. हा ग्रंथ नागरी लिपीत संपादित करण्याचे श्रेय गोमंतकात जन्मलेल्या धर्मानंद कोसंबी (१८७६-१९४७) यांना आहे, याचा मराठी वाचकांना अभिमान वाटावा.

दुसऱ्या दिवशी आनंद सभेत आपल्या आसनावर बसले. त्यांच्यावर काही दोषारोप झाले. स्त्रियांच्या संघप्रवेशासाठी मध्यस्थी केल्याचाही त्यांत समावेश होता. त्यात आपला दोष दिसत नाही हे त्यांनी स्पष्ट सांगितले, तथापि ज्येष्ठांवरील श्रद्धेपोटी ते नम्र झाले. सूक्ष्म मानाचे बंधन तुटल्याचा याहून निराळा पुरावा कोणता हवा? त्याच सभेत उपालींनी विनय सांगितला आणि आनंदांनी धर्म. आजही बहुतेक सूत्रांच्या आरंभी मी असे ऐकले आहे या अर्थाचे जे शब्द येतात, त्यांतील मी म्हणजे आनंद होत, असे परंपरा मानते. ज्यांनी मीपणाचा शेवटचा दरवळही पुसून टाकला, त्यांचाच मी प्रत्येक सूत्राच्या दारी उभा आहे.

श्रवण, मनन आणि निदिध्यासन ही त्रयी आपल्या उपनिषदांनी सांगितली आहे. आनंदांचे जीवन या त्रयीचे भाष्यच होय. त्यांचे श्रवण व्यर्थ गेले नाही. त्याला पिकण्यास काळ लागला इतकेच. म्हणून ज्यांनी आयुष्यभर ऐकले आहे त्यांनी निराश होऊ नये, आणि ऐकण्यावरच तृप्तही राहू नये. आजच्या पौर्णिमेला देवघरात दीप लावताना घटकाभर शांत बसावे, आपले कोणते बंधन सैल झाले आणि कोणते अजून घट्ट आहे हे प्रामाणिकपणे पाहावे. असे पाहणे हेच आनंद स्थविरांना खरे वंदन होय. सर्वांचे मंगल होवो.