कॉर्नेलिस ड्रेबेल

कॉर्नेलिस ड्रेबेल (इ.स. १५७२, आल्कमार – ७ नोव्हेंबर, इ.स. १६३३, लंडन) हे डच अभियंते व संशोधक होते. अंडी उबवण्याच्या यंत्रासाठी त्यांनी बनवलेला स्वयंचलित तापनियंत्रक हा आजच्या थर्मोस्टॅटचा पूर्वज मानला जातो.

== जीवन ==
ड्रेबेल यांनी हार्लेम येथे हेंड्रिक गोल्टझियस यांच्याकडे धातूवरील कोरीवकामाचे शिक्षण घेतले. इ.स. १५९५ मध्ये गोल्टझियस यांच्या बहिणीशी त्यांचा विवाह झाला. पुढे ते इंग्लंडचा राजा पहिला जेम्स याच्या आश्रयाला गेले. इ.स. १६१० मध्ये सम्राट दुसरा रुडॉल्फ याच्या निमंत्रणावरून ते प्रागला गेले. परंतु सम्राट सत्ताभ्रष्ट झाल्यावर त्यांना तुरुंगवास भोगावा लागला. सुटकेनंतर ते इंग्लंडला परतले. इ.स. १६२०च्या सुमारास त्यांनी वल्ह्यांनी चालणारी पाणबुडी थेम्स नदीत चालवून दाखवली. अखेरच्या काळात मद्यालय चालवून त्यांनी उदरनिर्वाह केला.

== उबवणी यंत्र ==
कोंबडीची अंडी उबण्यास सुमारे २१ दिवस लागतात आणि तोवर तापमान ३७.५ अंश सेल्सियसच्या आसपास स्थिर राहावे लागते. जळत्या विस्तवावर ते राखणे अवघड होते. ड्रेबेल यांनी यंत्रात अल्कोहोलने भरलेले काचपात्र बसवले व ते पाऱ्याच्या नळीस जोडले. उष्णता वाढली की अल्कोहोल प्रसरण पावून पाऱ्यास वर ढकले. पाऱ्यावरील दांडी उचलली जाऊन झडप मिटे, विस्तवास मिळणारी हवा घटे आणि आच मंदावे. यंत्र थंड होताच हीच क्रिया उलट घडे. अशा रीतीने विस्तवावर सतत लक्ष ठेवण्याची गरज उरली नाही.

== पुनर्वापर ==
ड्रेबेल यांनी या रचनेचे वर्णन प्रसिद्ध केले नाही. ती टिकली ती कुफ्लर घराण्यातील त्यांच्या जावयांमुळे. त्यांनी हीच यंत्रणा भट्ट्यांमध्ये वापरली. ऑरेंजच्या राजपुत्राच्या सैन्यासाठी केलेल्या, वाहून नेता येणाऱ्या लोखंडी भट्ट्या जॉन एव्हलिन यांनी इ.स. १६६६ मध्ये पाहिल्याची नोंद आहे. कथिलाच्या साह्याने किरमिजी रंग पक्का व तेजस्वी करण्याची ड्रेबेल यांची पद्धतही याच घराण्याने व्यवसायात आणली.

== महत्त्व ==
यंत्राने स्वतःच्या स्थितीची दखल घेऊन स्वतःचे कार्य बदलावे, या तत्त्वाचे हे एक आरंभीचे उदाहरण आहे. सरपटणाऱ्या प्राण्यांची अंडी कृत्रिमरीत्या उबवतानाही त्याचा उपयोग होतो. मुंबई उपनगरांतील पवई, विहार व तुळशी तलावांत आढळणाऱ्या मगरीच्या पिल्लाचे लिंग अंडे उबण्याच्या तापमानावरच ठरते. त्यामुळे तेथे काही अंशांचा फरकही निर्णायक असतो. चंद्रावरील एका विवरास ड्रेबेल यांचे नाव देण्यात आले आहे.